सकाळी सातला उघडणारे दुकान



येत्या रविवारी आमच्या गावात ग्रामसभा आहे. किनाऱ्याकडच्या कुठल्याही कॅफेला, बारला, क्लबला पंचायतीने यापुढे ना-हरकत दाखला देऊ नये, असा ठराव येणार आहे. गेल्या आठवड्यात मला तीन फोन आले. "काका, तुम्ही उठून बोला. तुम्ही बँकेत होतात, तुमचं लोक ऐकतात." मी बोलणार आहे, पण फोन करणाऱ्यांना हवे तसे नाही. ग्रामसभेत तिसऱ्या मिनिटाला हातातला माइक ओढतात, म्हणून सविस्तर इथे लिहितो. इंदूर-बडोद्याच्या मंडळींनी आपापल्या गल्लीतल्या पोह्या-कचोरीच्या दुकानांवर भरभरून लिहिले आहे, तेव्हा माझे हे पुराणही चालवून घ्या.

आधी हितसंबंध उघड करतो, बँकेची सवय. ज्या कॅफेबद्दल लिहिणार आहे तो आमच्याच वडिलोपार्जित घराच्या पडवीत चालतो. घराचे पाच हिस्सेदार, त्यातला मी एक. भाड्याचा पाचवा हिस्सा माझ्या खात्यात जमा होतो. हे लक्षात ठेवून पुढचे वाचा.

गावाचे नाव मुद्दाम देत नाही. मोरजी, आश्वे, मांद्रे, हरमल ते थेट केरीपर्यंत पेडणे तालुक्याच्या किनाऱ्यावर कुठेही हीच गोष्ट आहे. आमचा तालुका नव्या काबिजादीतला, पोर्तुगीजांकडे अठराव्या शतकाच्या अखेरीस आलेला, त्याआधी सावंतवाडीकरांचा. घरात बोलतो ती बोली वेगळी, पण वाचणे-लिहिणे, भजन, दशावतार, सगळे मराठीत. शिवोली-चोपड्याला पूल नव्हता तेव्हा शापोरा नदी फेरीबोटीने ओलांडावी लागे आणि बार्देशातले लोक आम्हाला जगाच्या टोकाला राहणारे समजत. आता मोपाचा विमानतळ २०२३ च्या जानेवारीपासून सुरू आहे आणि जगाचे टोक आमच्या अंगणात येऊन स्कूटर लावते.

त्या काळी गावात एकच हॉटेल होते. हॉटेल म्हणजे चहाचे दुकान, आम्ही हॉटेलच म्हणतो. गोव्यात एक गंमत आहे. पणजीत ज्यांच्या पाट्यांवर 'कॅफे' लिहिलेले असते, कॅफे भोसले, कॅफे तातो, तिथे आम्ही भाजी-पाव खायला जातो. कॉफी प्यायला कॅफेत जायचे असते हे मला साठीनंतर कळले. आमच्या गावच्या हॉटेलाला पाटीसुद्धा नव्हती. मालकाला सगळे अण्णा म्हणत. सकाळी पोदेर सायकलवरून भोंपू वाजवत येई, उंडे उतरवी, आणि अण्णा पातळ भाजीच्या टोपावरचे झाकण काढत. चहा पंधरा पैसे. दोन बाके, एक लांब मेज, भिंतीवर दरवर्षी बदलणारे देवाचे कॅलेंडर. आणि एक 'गोमन्तक', जो दुपारपर्यंत इतक्या हातांतून फिरे की अग्रलेखाचे पान भाजीच्या तेलाने पारदर्शक होई.

१९६७ च्या जानेवारीतला जनमत कौल मी त्या मेजाशी ऐकलेला आहे. महाराष्ट्रात विलीन व्हायचे असेल तर फूल, वेगळे राहायचे तर दोन पाने. मी तेव्हा शाळेत, मत नाही, पण कान होते. आमचा तालुका फुलाचा. तरीही दोन पानांचे म्हणणारे तीन-चार जण होते आणि ते त्याच बाकावर बसत. हमरीतुमरी होई, एकदा चहाचा ग्लास फुटला. दुसऱ्या दिवशी तीच माणसे पुन्हा तिथेच, कारण दुसरे हॉटेल नव्हते. निकाल दोन पानांचा लागला. त्या दिवशी अण्णांनी चहा फुकट दिला असे काही जण सांगतात. मला तसे आठवत नाही. अण्णा फुकट काही देत नसत, उधार मात्र देत. लाल कापडी पुठ्ठ्याची वही होती. रापण लागली नाही की वहीत नावे वाढत, आणि चांगला बांगडा मिळाला की त्याच संध्याकाळी कमी होत. रापणीत जाळे ओढणाऱ्या प्रत्येकाला वाटा असतो, तसा त्या वहीलाही गावच्या मासळीत वाटा होता म्हणायचा.

आमच्या वयाची माणसे या हॉटेलांबद्दल लिहायला लागली की गहिवर आवरत नाही. म्हणून दोन गोष्टी सांगून टाकतो. अण्णांच्या हॉटेलात एकही बाई कधी बसून चहा प्यायलेली मी पाहिली नाही. माझी आई नाही, आजी नाही, मासळी विकून थकून येणाऱ्या बायकाही नाहीत. त्या दारातून पाव घेत आणि पुढे जात. दुसरी गोष्ट लिहायला जड जाते. वळचणीच्या खाली एका फळीवर तीन-चार कप वेगळे ठेवलेले असत. कोणासाठी, ते सगळ्यांना ठाऊक होते. ती माणसे चहा बाहेर उभी राहून पीत, कप स्वतः विसळून ठेवत, आणि आत जनमत कौलावर लोकशाहीच्या गप्पा चालत. मीही आत बसून भाजी-पाव खाल्लेला आहे, त्या फळीकडे बघत. 'पूर्वी गाव एक होता' असे रविवारी कोणी म्हणाले तर मी या फळीची आठवण करून देणार आहे.

मी पणजीला कॉमर्स केले. पदवी मुंबई विद्यापीठाची, कारण गोवा विद्यापीठ १९८५ पर्यंत नव्हतेच. बँकेत लागलो, दहा वर्षे इकडे तिकडे फिरून आमच्याच तालुक्यातल्या एका शाखेत अधिकारी म्हणून आलो. आणि एके दिवशी अण्णा समोरच्या खुर्चीत येऊन बसले. छप्पर गळत होते, नवीन कौले, एक स्टोव्ह, दोन मेजे एवढे करायचे होते. पाच हजार रुपये. मी कागद मागितले. कागद कसले? अण्णा मुंडकार. जमीन भाटकाराची, घर त्यात. १९७५ चा मुंडकार कायदा झाला होता, पण अण्णांचा अर्ज मामलेदार कचेरीत धूळ खात होता. मी अर्जावर शेरा मारला, 'तारण अपुरे'. अण्णांनी हात जोडले, "बरे, भाऊ," म्हणाले आणि उठले.

खरी गोष्ट अशी की, गरिबांसाठी चार टक्के व्याजाची योजना १९७२ पासून होती आणि तिच्यात तारण मागायचे नसते. मला ते माहीत होते. पण त्या कर्जाची वसुली कटकटीची, वर्षअखेरीला आकडे खराब दिसतात, आणि माझी बढती जवळ आली होती. बँकेला मी दोष देत नाही. सही माझी आहे. दोन पावसाळ्यांनंतर हॉटेल बंद झाले. अण्णा त्यानंतर मला देवळात भेटत तेव्हा नीट बोलत, हे जास्त लागे. ती जागा मग भाटकाराच्या वारसांनी विकली. आज तिथे स्कूटर भाड्याने देणारा आहे आणि त्याच्या मागे जमिनी विकणाऱ्याचे काचेचे ऑफिस.

त्यानंतर गावात बसायला जागाच उरली नाही. बार झाले, रेस्टॉरंटे झाली, पण तिथे गाव बसत नाही.

मग ही सर्फिंगची मुले आली. सुरुवातीला सुरुच्या झाडांखाली फळ्या ठेवून गोरी माणसेच दिसत. आमच्याकडची लाट तशी भित्री, तळाला वाळू, उतार सौम्य, म्हणून शिकाऊ माणसाला बरी. ऑक्टोबर ते मे धंदा चालतो, जूनला समुद्र खवळला की बंद. मग आमची पोरे शिकली. कर्नाटकात मुल्कीला, तामिळनाडूत कोवळम-महाबलीपुरमला कोळ्यांची मुले याच वाटेने पुढे गेली. आमच्या वाड्यावरच्या एका तांडेलाचा नातू आज पर्यटकांना शिकवतो. आजोबा लाट बघून होडी घालत, नातू लाट बघून फळी घालतो. एकदा मी त्याला सांगितले, तिथीची पाऊणपट कर, भरतीची वेळ येते. पौर्णिमा म्हणजे पंधरा, पाऊणपट सव्वाअकरा. त्याने मोबाइल काढून पाहिले, वीस-पंचवीस मिनिटांचा फरक निघाला. "काका, तुमचं ॲप बरं आहे," म्हणाला, "चार्ज करावं लागत नाही."

हा मुलगा आणि एक मूळची सांगलीची मुलगी, दोघांनी मिळून तीन वर्षांपूर्वी आमची पडवी मागितली. जुने घर बंदच होते, वाळवी लागत होती. अकरा महिन्यांचा करार केला, दरवर्षी नवा. त्यांनी भिंत पाडली नाही, लाद्या बदलल्या नाहीत, चिरे घासून काढले आणि मशीन आणले, चिकमगळूरच्या बिया दळणारे. पहिले वर्षभर मी आत पाऊल टाकले नाही. नारळ मोजायला जायचो तेव्हा बाहेरूनच बघायचो. पाटी इंग्रजीत, दरही इंग्रजीत. एक कॉफी एकशेऐंशी रुपये! माझा पहिला महिन्याचा पगार आठवला आणि हसू आले. शिवाय स्टुले इतकी उंच की माझ्या गुडघ्यांना शिडी लागेल.

नोव्हेंबर आला. पेन्शनवाल्यांना माहीत आहे, नोव्हेंबर म्हणजे आपण जिवंत आहोत हे सिद्ध करायचा महिना. आता ते मोबाइलवर चेहरा दाखवून होते म्हणतात. माझा चेहरा मोबाइलला पटेना. सकाळपासून वीज नव्हती, घरातले वायफाय बंद. चिडून बाहेर आलो तर पडवीतून हाक आली, "काका, येयात, बसात." तांडेलाचा नातू. त्यांच्याकडे इन्व्हर्टर होता. त्याने मला उजेडात बसवले, डोळे मिटायला सांगितले, उघडायला सांगितले आणि पाच मिनिटांत मी सरकारदरबारी जिवंत झालो. मुलीने समोर कॉफी ठेवली. कडू होती. पैसे विचारले तर म्हणाली, "घरमालकाकडून कसे घेऊ?" मी म्हटले, बाय, घरमालकाला भाडे देतेस ना, मग गिऱ्हाइकाकडून घे. एकशेऐंशी मोजून दिले. दुसऱ्या दिवशी चार निवृत्त माणसांना घेऊन गेलो, दोघांच्या पेन्शनी अडकल्या होत्या.

तेव्हापासून सकाळी साडेसातला आम्ही पाच जण तिथे असतो. आम्ही तक्रारी केल्या आणि त्यांनी त्या ऐकल्या, हे सांगितलेच पाहिजे. दोन बुटकी बाके आली. एक 'तरुण भारत' आणि एक 'गोमन्तक' येऊ लागला. फळ्यावर मराठीत 'चहा २५' असे लिहिले गेले, अक्षर वाईट आहे पण ते सुधारेल. शेजारी ओल्या अंगाने पोरे बसलेली असतात, कोणी बंगळूरचा, कोणी रशियन, कोणी आमच्याच शाळेतला. ती लाटेबद्दल बोलतात, आम्ही मधुमेहाबद्दल. मध्ये मध्ये बोलणे एकमेकांत मिसळते. मागच्या महिन्यात कोणाची तरी कुत्री हरवली, ती शोधायला या दोन्ही बाकांवरची माणसे एकत्र निघाली, आणि सापडली ती पडवीच्याच मागे झोपलेली.

आणि एक दिवस माझी बायको सोबत आली. वय वर्षे एकाहत्तर, या गावात लग्न होऊन आली त्याला सत्तेचाळीस वर्षे झाली. पणजीत, म्हापशात हॉटेलात खाल्लेले आहे, पण स्वतःच्या गावात, घराबाहेर, चार माणसांत बसून चहा पिण्याची तिची ती पहिली वेळ. मला हे तिने सांगेपर्यंत सुचले नव्हते. आता ती आणि तिच्या भजनी मंडळातल्या तिघी मंगळवारी जातात. आम्हाला त्या दिवशी बसायला जागा मिळत नाही.

आता हिशेब. कॉमर्सवाल्याला त्याशिवाय चैन पडत नाही, आणि मुलीने मला वही दाखवली आहे, तिच्या परवानगीने लिहितो. भाडे महिना पस्तीस हजार, म्हणजे दिवसाला साधारण अकराशे सदुसष्ट. एकशेऐंशीच्या कपात बिया, दूध, साखर, धुणे, गॅस-वीज धरून सत्तर जातात, उरतात एकशेदहा. म्हणजे नुसत्या भाड्यापुरते रोज अकरा कप. त्यावर दोन मदतनिसांचे पगार, मशीनचा हप्ता, आणि जून ते सप्टेंबर जवळजवळ शून्य विक्री. आमचा पंचवीसचा चहा त्या हिशेबात काहीच भर घालत नाही. उलट आम्ही पाच जण दोन तास दोन बाके अडवतो. एकशेऐंशी देणारा पाहुणा कॉफीचे कमी आणि आमच्या बसण्याचे जास्त पैसे देतो, असे मी म्हणेन. अण्णांच्या वहीत उधारी होती, इथे तीच उधारी परका माणूस आपल्या नकळत फेडतो. मला यात लाज वाटत नाही. एवढ्या वर्षांत पर्यटनाचा पैसा गावाच्या बसण्या-उठण्यात फिरताना मी पहिल्यांदा पाहिला.

आता ठरावाकडे. ठराव आणणाऱ्यांचा राग खोटा नाही. रात्री दोनपर्यंत छाती हादरवणारे संगीत मीही ऐकतो. मोरजी-मांद्र्याच्या वाळूत कासवे अंडी घालायला येतात, त्यांना अंधार आणि शांतता लागते, आणि आम्ही किनाऱ्यावर दिव्यांच्या माळा लावतो. विहिरी खारट होतात, टँकर येतात. या सगळ्याविरुद्ध ठराव आणा, मी पहिला हात वर करीन. पण सकाळी सातला उघडून संध्याकाळी सहाला बंद होणारे दुकान आणि संध्याकाळी सहानंतर उघडणारे दुकान एकाच ओळीत लिहू नका. एकाच ओळीत लिहिले तर काय होईल हे मला बँकेच्या अनुभवातून ठाऊक आहे. मोठ्याकडे वकील असतो, तो दाखला कुठून तरी मिळवतो. लहानाकडे फक्त ठराव पोचतो. मीच असा नियम एकदा एका लहान माणसाला लावला होता.

माझी सूचना साधी आहे. दाखला वेळेवर द्या, जागेच्या आकारावर द्या. दारू नाही, बाहेर स्पीकर नाही, सूर्यास्तानंतर किनाऱ्याकडे दिवा नाही, एवढे मान्य करणाऱ्याला दरवर्षी हेलपाटे न घालता तीन वर्षांचा दाखला द्या. आणि मालक स्वतः दुकानात उभा असतो की दिल्लीत बसून कॅमेऱ्यातून बघतो, हे पंचायत सदस्यांनी एकदा सकाळी येऊन बघावे. चहा माझ्याकडून.

'परप्रांतीय आले, जमिनी गेल्या' असे बोलणारे पुष्कळ असतात. पण भाडेकरारावर, विक्रीखतावर घर देणाऱ्याची सहीदेखील असते ना? ती कोणाची? रविवारी माझ्या शेजारी बसणाऱ्यांचीच. आणि माझ्या घरचीही, तेच आता सांगतो.

आमच्या घराचा करार ३१ मे रोजी संपतो. एका मोठ्या बारवाल्याने महिना एक लाख देऊ केले आहेत, पाच वर्षांचे, पडवीच नव्हे तर सबंध घर आणि पुढचे अंगण. नारळाची चार झाडे काढावी लागतील. माझा धाकटा भाऊ पुण्यात असतो, मुलाच्या शिक्षणाचे कर्ज आहे, त्याला हे हवे आहे. त्याचे चूक आहे असे मी म्हणू शकत नाही. बाकीच्या दोघांचेही त्याच्याकडेच मत आहे, चुलतबहीण गप्प आहे. पण पाचही सह्या लागतात. मी सही करणार नाही असे कळवले आहे. त्यावर भाऊ म्हणाला, "दादा, तुला पेन्शन आहे, तुला तत्त्व परवडतं." बोलणे बरोबर होते. मी उत्तर दिले नाही.

शेवटी मी त्याला एक कागद पाठवला. पडवीचे भाडे पस्तीसचे बेचाळीस करा, पण पावसाचे चार महिने निम्मे घ्या, म्हणजे दुकान बारमाही चालेल. वर्षाकाठी मुलीला चार लाख वीस हजार भरावे लागतात त्याऐवजी तेवढेच पडतील, हिशेब करून पाहा. आठ महिने बेचाळीस आणि चार महिने एकवीस. शिवाय माझा पाचवा हिस्सा, वर्षाला चौऱ्याऐंशी हजार, पुतण्याच्या कर्जात भरायला मी तयार आहे. बारवाल्याच्या एक लाखाशी ही बरोबरी होत नाही, हे मलाही कळते. पण माझ्याकडे देण्यासारखे एवढेच आहे. एकदा पाच हजार द्यायला माझ्याकडे होते, तेव्हा दिले नाहीत.

मुलीला यातले अजून काही सांगितलेले नाही. काल तिने विचारले, "काका, पावसात पडवीला ताडपत्री लावायची तर कुठल्या बाजूने लावू?" मी म्हटले, पश्चिमेकडून, वारा तिकडून येतो. तिने मापे लिहून घेतली.

भावाचा फोन अजून आलेला नाही.